कळवा की कूपर: यादी लॉक करण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

एमबीबीएसला राज्य कोट्यातून तुला कळवा किंवा कूपर मिळण्यासारखं आहे आणि घरात रोज नवा सल्ला येतो आहे, हे तुझ्या पत्रावरून कळलं. माझं मत आधीच सांगते. ऐरोलीहून रोज ये-जा करणार असशील तर कळवा वर टाक. कूपरला पहिल्या वर्षापासून होस्टेल नक्की मिळणार असेल, तरच कूपरचा विचार कर. पण मग मनापासून कर.

ज्या गोष्टींवर घरी वाद चाललाय, त्यातल्या बऱ्याच दोन्हीकडे सारख्याच आहेत. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचं, 1992 पासूनचं. कूपरचं कॉलेज मुंबई महापालिकेचं, 2015 मध्ये सुरू झालेलं. दोन्ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे पेपर तोच, वेळापत्रक तेच, पदवी तीच. एमबीबीएसनंतरची एक वर्षाची बाँड सेवाही, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, दोन्हीकडे आहे. पुढे पीजीला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाला, परीक्षेतली रँक चालते, कॉलेजचं नाव नाही. तेव्हा ‘मुंबईचं कॉलेज’ हा मुद्दा यादीतून काढून टाक.

उरतात दोन गोष्टी: तुझा वेळ आणि रुग्णापर्यंत तुझा हात किती पोचतो ते.

वेळेचा हिशेब नकाशावर करू नकोस. कूपरला जायचं म्हणजे ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणे, ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी किंवा डी. एन. नगर, मग बस किंवा रिक्षा. दारापासून वॉर्डापर्यंत एका बाजूला दीड तास धरून चाल. पावसाळ्यात मध्य रेल्वे रखडली की त्यालाही अर्थ राहत नाही. कळव्याचं रुग्णालय ठाणे-बेलापूर रस्त्यावरच आहे. तुला दिघा, विटाव्यावरून सरळ बस आहे. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं तेवढी अडचण धर.

रोजचे तीन तास गेले की काय होतं, ते पहिल्या वर्षात कळतं. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री हे सगळं 12 महिन्यांत उरकायचं असतं. हजेरी थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागते. दमलेली मुलं आधी सकाळचं लेक्चर सोडतात. मग डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) न वाचता उभी राहतात आणि पार्ट एंडिंगच्या विवात, म्हणजे एकेक भाग संपल्यावरच्या तोंडी परीक्षेत, अडकतात. हुशारी कमी पडते असं नसतं, झोप कमी पडते. आणि पुरवणी परीक्षेतही विषय राहिला तर बॅच सुटते. होस्टेलवर मी एवढा जोर देते तो यासाठीच. होस्टेलच्या वाटपात लांबच्या मुलांना आधी जागा देण्याचा प्रघात असतो आणि ऐरोलीचा पत्ता त्या रांगेत मागेच पडतो. ‘मिळेल हो’ या तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. गेल्या वर्षी नवी मुंबई, ठाण्याच्या किती मुलींना खोली मिळाली आणि कोणत्या महिन्यात, असंच विचार.

आता रुग्णांचं. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डाच्या पोस्टिंग सुरू होतात आणि खरं शिक्षण तिथे आहे. कळव्याला 500 खाटा आहेत आणि मुंब्रा, दिवा, भिवंडीपासून शहापूर, मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. तापाचे रुग्ण, बाळंतपणं, रेल्वेचे अपघात, सर्पदंश, असं सगळं एकाच कॅज्युअल्टीत दिसू शकतं. कूपरकडे पश्चिम उपनगरांची गर्दी येते, तीही मोठी आहे. पण बॅचही कळव्याच्या साधारण दुप्पट आहे. एका खाटेभोवती पंधरा जण उभे असतील तर पोट तपासायला हात लावणारे तीन-चारच असतात, बाकीचे ऐकतात. त्यामुळे खाटांचा आकडा एकटा पाहू नकोस. पोस्टिंगच्या एका गटात किती मुलं असतात आणि डिसेक्शनच्या एका टेबलावर किती, हे दोन आकडे माग.

तिसरी चौकशी पीजीच्या जागांची. कोणत्या विषयात किती जागा, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पीडियाट्रिक्स या चार विभागांत रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारे डॉक्टर, भरपूर असले तर रात्री अकराला हिस्टरी (रुग्णाच्या आजाराची माहिती) घ्यायला शिकवणारं कुणी तरी भेटतं. प्राध्यापक सकाळच्या राउंडला शिकवतात, रेसिडेंट उरलेला दिवसभर.

हे सगळं विचारायचं कुणाला? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना नाही, ती अजून कॉलेजच्या प्रेमात तरी असतात किंवा रागात तरी. इंटर्नला गाठ, म्हणजे शेवटची परीक्षा होऊन वॉर्डात काम करणाऱ्यांना. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारलंस तर ‘चांगलं आहे’ एवढंच ऐकशील. त्याऐवजी विचार: टाके स्वतः घातलेस का? किती बाळंतपणं स्वतःच्या हाताने केलीस? ड्यूटीत सॅम्पल पोचवणं आणि रिपोर्ट आणणं यातच किती वेळ जातो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार लांबलं तर सावध हो. तिथे कर्मचारी कमी आहेत आणि तो खड्डा इंटर्न भरताहेत. सोमवारी सकाळी नऊ वाजता दोन्हीकडच्या ओपीडीत नुसती तासभर उभी राहा, आईला सोबत घे.

फॉर्मबद्दल. पसंतीक्रम मागच्या वर्षीच्या कट-ऑफने लावू नकोस. कट-ऑफ गर्दी कुठे आहे ते सांगतो, शिकवणं कसं आहे ते नाही. तुझी पाळी आली की यंत्रणा तुझी यादी वरून खाली वाचते आणि जी पहिली जागा मोकळी दिसेल ती देते. म्हणून ‘मिळणार नाही’ या भीतीने आवडतं कॉलेज खाली ढकलण्यात काहीच फायदा नाही. उलट धोका वेगळाच आहे: पुढच्या फेरीत वरची पसंती लागली की आधीची जागा आपोआप जाते, परत मिळत नाही. तेव्हा कळव्यात समाधानी असशील तर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागा कायम ठेवण्याचा, फॉर्म भर. पण तो भरलास की पुढच्या फेऱ्यांतून तू बाहेर. रांगेत उभं राहून घाईत सही करू नकोस.

तू ओबीसीतून भरते आहेस, म्हणून जातवैधता प्रमाणपत्र हातात हवं, नुसती अर्जाची पावती चालेल असं गृहीत धरू नकोस. नॉन-क्रीमी लेयर पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध आहे का, तेही आजच बघ. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर मुलींच्या शुल्कमाफीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो. प्रवेशाच्या दिवशी तरीही किती रक्कम भरावी लागते, हे दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थी विभागात विचारून ठेव. मूळ कागदांच्या स्वच्छ झेरॉक्स आणि स्कॅन आधीच काढ, कारण मूळ कागद कॉलेजात जमा होतात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला नेमके तेच लागतात.

होस्टेलचं आणि इंटर्नचं उत्तर आलं की मला फोन कर. यादी लॉक करण्याआधी तो क्रम आपण दोघी एकदा मोठ्याने वाचू.

तुझी,
ताई