लिटर्जी: षष्ठी की चतुर्थी?

प्रश्न : चर्चमधल्या ठरलेल्या, लिखित उपासनेला म्हणजे लिटर्जीला 'कर्मकांड' म्हणावं का? आणि या शब्दाचा मूळ अर्थ 'लोकांचं काम' असाच ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हे 'लोकांचं काम' ऐकून ऐकून कान किटले आहेत. ग्रीक 'लेइतुर्गिया'तलं पहिलं पद 'लाओस' म्हणजे लोक याच्याशी नात्यातलं, दुसरं 'एर्गॉन' म्हणजे काम. इथवर ठीक. पण पदं कळली म्हणजे विग्रह झाला असं नाही. 'पाठशाला' ही पाठाची शाळा नव्हे, पाठासाठीची. इथेही षष्ठी विभक्ती ('चं') नव्हे, चतुर्थीच ('साठी') हवी : लोकांसाठीचं काम. आणि तेही पदरमोड करून!

अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकांवर लेइतुर्गिया लादली जाई. कुणी युद्धनौका वर्षभर सांभाळायची, कुणी नाट्योत्सवातल्या गायकवृंदाचा खर्च उचलायचा. इ. स. पू. ४७२ मध्ये नाटककार एस्किलसच्या 'पर्शियन्स' नाटकाच्या वृंदाचा खर्च तरुण पेरिक्लीसने, म्हणजे पुढे अथेन्सचा नेता झालेल्या माणसाने, केला होता. म्हणजे पेरिक्लीसने 'लिटर्जी' केली! खरी गंमत पुढे आहे. 'माझ्यापेक्षा अमका श्रीमंत आहे, त्याला सांगा' असं म्हणायची सोय होती. मग त्या अमक्याने एक तर काम अंगावर घ्यायचं, नाहीतर दोघांनी आपापली मालमत्ता अदलाबदल करायची. 'लोकांचं काम'वाल्यांनी हे एकदा वाचावं.

पुढे हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणणाऱ्या अलेक्झांड्रियातल्या यहुदी भाषांतरकारांनी मंदिरातल्या याजकांच्या सेवेला हाच शब्द वापरला आणि तो ख्रिस्ती मंडळीकडे आला. म्हणून मला मराठीत 'सेवा' हाच शब्द पटतो. चाकरीही तीच, देवाची भक्तीही तीच. कोशकार मात्र 'उपासना' धरून बसतात. उप + आस्, म्हणजे जवळ बसणं. अहो, बसायचं कुठे? इ. स. ३२५ च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या विसाव्या नियमानुसार रविवारी गुडघेसुद्धा टेकायचे नाहीत, उभं राहूनच प्रार्थना करायची. चर्चमधली बाकं फार नंतरची. ज्या सेवेत मूळचं बसणंच नाही, तिला 'जवळ बसणं' म्हणायचं, ही कोशकारांची कमाल. (कॅथलिकांचा उपासनेसाठीचा 'मिस्सा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे सगळ्यांना माहीत आहे, सोडून देतो.)

लिखित उपासना निर्जीव असते म्हणणाऱ्यांनी एकच संवाद नीट ऐकावा. याजक म्हणतो, 'अंतःकरणे वर करा.' लोक म्हणतात, 'ती प्रभूकडे लावली आहेत.' कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी तिसऱ्या शतकात नोंदवलेली ही जोडी आजही तशीच म्हटली जाते. लोकांनी उत्तर दिल्याशिवाय याजकाला पुढे जाता येत नाही, आणि त्या दिवशी त्याला काही सुचलं नाही म्हणून लोकांचं काही अडतही नाही. शोकात असलेला माणूस स्वतःचे शब्द कुठून आणणार? त्याच्या आधी कुणीतरी ते घडवून ठेवलेत. पुन्हा तेच, इतरांसाठी केलेलं काम! उत्स्फूर्त प्रार्थनेचं कौतुक करणाऱ्यांच्याही प्रार्थनेत दर आठवड्याला तीच वाक्यं येतात. फरक इतकाच की त्यांच्यावर कुणी संपादकाचा हात फिरवलेला नसतो.

आजच्या ग्रीकमध्ये तर बंद पडलेल्या लिफ्टवर 'एक्तोस लेइतुर्गियास' अशी पाटी असते. अक्षरशः 'लिटर्जीबाहेर', म्हणजे चालू नाही. माझ्या मते हा या शब्दाचा सगळ्यात सुंदर वंशज.

हां, कर्मकांड. वेदाचा कर्म सांगणारा भाग तो कर्मकांड, आणि 'एर्गॉन' म्हणजेही कर्मच. तेव्हा शब्द म्हणून तो फारसा चुकीचा नाही. पण तुम्ही तो ज्या सुरात विचारलात, त्या सुरात नको.