वाचक विचारतात: विल्यम मॉरिसच्या घरी जाताना

प्रश्न (दादर): पुढच्या महिन्यात मुलीकडे लंडनला जात आहोत. विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश नक्षीकाराच्या घरातलं संग्रहालय पाहायचं आहे. घर त्याच्याच वॉलपेपरांनी सजवलेलं असेल ना? किती वेळ हाताशी ठेवावा?

उत्तर: नाही, आणि हीच कल्पना मनात धरून गेलेले बरेचजण हिरमुसतात. वॉल्थमस्टो भागातलं हे ‘वॉटर हाउस’ १७४०च्या दशकातलं. वडील गेल्यावर मॉरिसची आई मुलांना घेऊन इथे राहायला आली. १८४८ ते १८५६, म्हणजे वयाच्या १४व्या वर्षापासून २२व्यापर्यंत तो इथे होता. पहिला वॉलपेपर त्याने आखला १८६२ साली. तेव्हा हे त्याच्या जडणघडणीचं घर. काम इथे १९५० नंतर संग्रह म्हणून आलं. त्याने स्वतःसाठी बांधून घेतलेलं घर पाहायचं तर बेक्सलीहीथचं ‘रेड हाउस’ गाठा. एकाच दिवशी दोन्ही नको, शहराची ती दोन टोकं आहेत.

वॉटर हाउसला अडीच तास पुरतात. मागच्या लॉइड पार्कात घराला नाव देणारा जुना खंदक आहे, तिथेही एक फेरी मारा.

प्रश्न (गिरगाव): मॉरिसचं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड ठशांचंच ना? मग आपल्या कच्छी अजरखहून त्यात वेगळं काय?

उत्तर: निळीची अडचण दोघांपुढे एकच होती, उत्तरं उलटी निघाली. नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदात तिचं रूप बदलून ती विरघळवावी लागते. कापड बाहेर काढताना हिरवट-पिवळं असतं आणि हवा लागली की निळं होतं. ठशावर घेतली तर कापडाला टेकण्याआधीच ती हवेने पालटू लागते. म्हणून कच्छचा कारागीर चुना आणि डिंकाचा लेप ठशाने लावतो आणि मग कापड निळीत बुडवतो. लेपाखाली रंग चढतच नाही.

मॉरिसने मर्टन ॲबीच्या कारखान्यात आधी सगळं कापड निळं केलं आणि मग रंग उडवणारी खळ ठशाने लावली. सौम्य खळीने फिका निळा उरतो, तीव्र खळीने पांढरा. त्या मोकळ्या जागी लाल आणि पिवळा. पिवळा फिक्या निळ्यावर पडला की पान हिरवं. १८८३च्या या नक्षीत त्याने निळीच्या या पद्धतीत लाल-पिवळे पहिल्यांदा बसवले. खळ कमी पडली तर उरलेल्या निळ्यावर लाल जांभळट होतो. जास्त झाली तर सूतच कमजोर होतं. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, त्यामुळे एक जरी केसभर सरकला तरी नक्षीतल्या कस्तुर पक्ष्याच्या कडेला पांढरी रेघ दिसते. ती रेघ शोधा.

दालनात उजेड मंद असतो, तो कंजूषपणा नव्हे. वनस्पतींचा पिवळा निळीच्या आधी उडतो. जुन्या कापडांतली पानं निळसर दिसतात ती त्यामुळेच. डोळे सरावायला चार-पाच मिनिटं द्या. नाजूक कापडं आलटून पालटून मांडतात, त्यामुळे एखादंच कापड पाहण्यासाठी जात असाल तर आधी विचारून घ्या.

प्रश्न (ठाणे): विमानतळावरून तिथे कसं जायचं? तिकीट किती?

उत्तर: प्रवेश मोफत, सोमवारी बंद. हीथ्रोहून पिकॅडिली लाइनने फिन्सबरी पार्क, तिथून व्हिक्टोरिया लाइनने शेवटचं स्टेशन वॉल्थमस्टो सेंट्रल. फिन्सबरी पार्कला गाडी समोरच्याच फलाटावर मिळते. दादरसारखा पूल चढायला नको. पुढे पंधरा मिनिटं चालत. स्टेशनच्या दाराशी टॅप करायचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि आत जाताना लावलेलंच बाहेर पडतानाही लावायचं. बाहेर पडताना विसरलात तर सर्वांत जास्त भाडं कापलं जातं.

प्रश्न (डोंबिवली): तिथल्या दुकानातून ‘मॉरिस’ कापड घ्यावं का?

उत्तर: नक्षी आवडली तर जरूर घ्या, ठशाचं काम समजून नको, हल्लीचं बहुतेक यंत्रावर छापलेलं असतं. कापड उलटून पाहा. निळीत बुडवलेलं असेल तर मागची बाजूही जवळजवळ तितकीच निळी दिसते, नुसतं वरून छापलेलं मागून फिकट पडतं. मुंबईत अजरख म्हणून काही गळ्यात मारलं जात असेल, तेव्हाही आधी हेच करा.