श्रीलंका की पाकिस्तान: आर्थिक संकटात सामान्य माणसाचे जीवनमान कुठे बरे राहिले?

केवळ कर्ज आणि महागाई पाहिली तर श्रीलंकेची पडझड अधिक भीषण होती. एप्रिल २०२२ मध्ये तिने परकीय कर्जफेड थांबवली, सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली आणि पेट्रोल क्यूआर कोड दाखवून, आठवड्याच्या ठरावीक कोट्यानेच मिळू लागले. पाकिस्तानातील महागाई मे २०२३ मध्ये ३८ टक्क्यांवर गेली, परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मदतीने, जी तो देश १९५८ पासून वीसहून अधिक वेळा घेत आला आहे, कर्जबुडवेपणाची नामुष्की टळली.

तरीही जीवनमानाबाबत माझे उत्तर निःसंशय श्रीलंका असेच आहे. मोफत शिक्षण आणि सरकारी रुग्णालयांतील मोफत उपचार ही तेथील अनेक दशकांची पुंजी असल्यामुळे, औषधांच्या टंचाईने शस्त्रक्रिया लांबणीवर पडत असतानाही, साक्षरता नव्वद टक्क्यांहून अधिक आणि सरासरी आयुर्मान पाकिस्तानपेक्षा सुमारे दहा वर्षांनी जास्त राहिले. पाकिस्तानात मात्र दोन कोटींहून अधिक मुले आजही शाळेबाहेर आहेत, आणि त्याचे खापर २०२२ नंतरच्या संकटावर फोडता येणार नाही.