डिचोलीच्या मुलाला उत्तर: हेलिकॉप्टर सर्वे, कॅनडा आणि एजंटचे तीन लाख

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोवा विद्यापीठाची जिऑलॉजीतली एमएस्सी, दोन वर्षं बोअरवेलच्या जागा शोधायला रेझिस्टिव्हिटी सर्वे (जमीन विजेला किती अडवते ते मोजणं), खाणी थांबल्यामुळे वडिलांचे खनिज वाहणारे दोन टिपर २०१८ पासून दारात उभे, आणि मडगावचा एक एजंट 'कॅनडाचं सगळं बघतो' म्हणून तीन लाख मागतोय. तुझे प्रश्न तीन. जमिनीखालचं खनिज-पाणी शोधायला हेलिकॉप्टरने होणाऱ्या विद्युतचुंबकीय सर्वेत थेट नोकरी मिळेल की आधी इथली, म्हणजे मी असते त्या कॅनडातली, मास्टर्स करावी? आजोबांच्या दाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून ठेवावा का? आणि शेवटी, "डोंगरात खरंच काम कसं असतं, ताई?"

शेवटच्यापासून सुरू करते. बाकीचे दोन त्याच्यावरच अवलंबून आहेत.

तू लिहिलंयस, "हेलिकॉप्टरमधून डोंगर बघत फिरायचं." सर्वे चालू असताना मी आत बसले असेन ती बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. डोंगरात वजनाचा प्रश्न असतो. हवा विरळ, त्यात दुपारी तापलेली, म्हणजे उचलण्याची ताकद कमी. त्यामुळे आत पायलट, आणि फार तर एक ऑपरेटर. बाकी आम्ही खाली: कोणी लूप जोडतंय, कोणी बेस स्टेशनवर चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरशी बसलंय, कोणी कालच्या उड्डाणाच्या लाईन तपासतंय. आणि बहुतेक वेळ सगळे मिळून ढग कधी उठतात ते बघतायत. ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्येला, स्ट्युअर्ट आणि इस्कुटच्या बाजूला, ज्या पट्ट्याला खाणवाले 'गोल्डन ट्रँगल' म्हणतात, तिथल्या एका कँपवर आम्ही सलग अकरा दिवस पत्ते खेळलो. बाराव्या दिवशी पहाटे चारला उठून सहा तासांत काम उरकलं, कारण अकरानंतर दरीतून वारा वर चढायला लागतो आणि खालचं ओझं झोके घेतं.

यंत्र असं चालतं. हेलिकॉप्टरच्या खाली लांब दोरावर एक मोठं कडं लटकतं, तेच लूप, मी ज्यावर जास्त काम केलं त्याचा व्यास २६ मीटर होता. त्यातून शेकडो अँपियरचा प्रवाह सोडायचा आणि झटक्यात तोडायचा. तोडला की जमिनीतल्या वाहक खडकात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि विरत जातात. विरताना त्यांचं जे चुंबकीय क्षेत्र बदलतं, ते कड्याच्या मध्यावरची कॉइल टिपते. चवथीच्या आरतीत घुमट (चामडं लावलेलं मातीचं वाद्य) आणि कासाळं (झांजा) एकदम वाजवून थांबवून बघ. घुमटाचा ठोका तिथंच बसतो, कासाळ्याचा नाद रेंगाळतो. ग्रॅनाइट, हिमनदीचा बर्फ, कोरडा कातळ हे घुमट. सल्फाइडचा (धातूंच्या खनिजाचा) साठा, ग्राफाइट, ओली चिकणमाती, खारं पाणी ही कासाळी. कॅनडात हे आवर्तन सेकंदाला ३० वेळा होतं, भारतात तेच यंत्र २५ वर लावतात. इथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. निम्म्यावर लावलं की बेरीज करताना विजेच्या तारांचा गुणगुणाट आपोआप कापला जातो. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, लक्षात ठेव.

आता डोंगराची अडचण. सपाट ओंटारिओत हे तंत्र वाढलं. टिमिन्सजवळ १९५९ मध्ये हवेतून एक विसंगती, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा प्रतिसाद, दिसली, तिथं नोव्हेंबर १९६३ मध्ये ड्रिल लावलं आणि किड क्रीकचा तांबं-जस्त-चांदीचा साठा हाती आला. तिथं लूप जमिनीपासून तीस-पस्तीस मीटरवर ठेवणं सोपं. चाळीस अंशाच्या उतारावर २६ मीटरचं कडं घेऊन गेलास, की एक कड खडकाला टेकायला येते आणि दुसरी कड हवेत. पायलट साहजिकच वर घेतो. आणि लूपची उंची दुप्पट झाली की खालच्या छोट्या वाहकाचा प्रतिसाद निम्मा होत नाही, कित्येक पटींनी कोसळतो. म्हणजे नकाशावर 'इथं काही नाही' दिसतं, तेव्हा आधी त्या जागी लूप किती उंच होतं ते लेझरच्या नोंदीत बघायचं. अर्धे नवखे ते बघत नाहीत. त्यात लूप वाऱ्याने तिरकं झालेलं असतं, त्याचा कल वेगळा मोजावा लागतो. आणि ज्या सॉफ्टवेअरला जमीन म्हणजे थरावर थर रचलेली सपाट चवड वाटते, ते लूपखालचा डोंगर वाटेल तसा काढतं. उभ्या उतारावर त्रिमितीत इन्व्हर्जन (मोजलेल्या आकड्यांवरून जमिनीखालचं चित्र काढणं) केल्याशिवाय मी आता कशावर सही करत नाही.

ही सवय फुकट लागली नाही. २०१६ च्या हंगामात एका दरीच्या काठावर मला इतका सुंदर, रेंगाळणारा प्रतिसाद मिळाला की मी अहवालात त्याला पहिला क्रमांक दिला. कंपनीने दोन भोकं मारली, दुसरं २८० मीटर. कोअरच्या, म्हणजे भोकातून काढलेल्या खडकाच्या, पेट्यांत निघाला काळा शेल (चिखलाचा खडक), हाताला काजळी लागावी इतका ग्राफाइटने भरलेला. कासाळं होतं, पण पितळेचं नव्हतं. सगळ्यात लागलं ते पुढे. आदल्या वर्षी त्या ओढ्याने चढून गेलेल्या जिऑलॉजिस्टच्या वहीत 'काळा शेल, पायथ्याशी' अशी एक ओळ होती. मी ती वही मागितलीच नव्हती.

म्हणून तुला सांगते, तुझी रेझिस्टिव्हिटीची दोन वर्षं तू पत्रात ज्या लाजेने लिहिलीयस ती लाज सोड. जांभ्याच्या सड्याखाली जी ओली चिकणमाती असते, ती यंत्रावर पाण्यासारखी दिसते, आणि तिथं बोअर मारली तर कोरडी जाते. हे तू दोनदा तरी अनुभवलं असशील, आणि मालकाच्या शिव्याही खाल्ल्या असशील. माझ्या ग्राफाइटची आणि तुझ्या चिकणमातीची गोष्ट एकच आहे. मोजतोय आपण दोघंही वाहकताच. इथल्या विद्यापीठातून आलेल्या, कोड माझ्यापेक्षा झकास लिहिणाऱ्या मुलांना ही कोरडी बोअर माहीत नसते. सीव्हीत 'ग्राउंडवॉटर सर्वे, २ वर्षं' एवढंच टाकलंस तर कोणी बघणार नाही. किती सोंडिंग (एकेका जागेवरची खोलवरची मोजणी) घेतली, किती जागा चुकल्या, का चुकल्या, ते लिही.

थेट नोकरी? पासपोर्टवर भारतीय शिक्का आणि इथला कामाचा परवाना नाही, अशा माणसाला डोंगरातल्या कँपसाठी कोणी तिकडून बोलावत नाही. इथं त्या कामाला वीस-बावीस वर्षांची स्थानिक मुलं मिळतात. मास्टर्सचा रस्ता खरा आहे, पण दोन प्रकारच्या मास्टर्समधला फरक एजंट तुला सांगणार नाही, कारण त्याचं कमिशन एकाच प्रकारात आहे. नुसते विषय घेऊन करायची मास्टर्स तुझ्या पैशाने होते. प्रबंधाच्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी प्राध्यापक आपल्या प्रकल्पातून महिन्याचे पैसे देतो. तिथं प्रवेशाचा अर्ज दुय्यम, आधी त्या प्राध्यापकाशी पत्रव्यवहार. व्हँकुव्हरच्या युबीसीत, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, विद्युतचुंबकीय इन्व्हर्जनची जुनी परंपरा आहे, आणि तिथल्या लोकांनी सुरू केलेलं सिम्पेग हे पायथनचं पॅकेज फुकट मिळतं. डिचोलीत बसून, पावसात लाईट असेल तेव्हा, ते शिकता येतं. ऑफिसात ओएसिस मोंटाज आणि आरहूसचं वर्कबेंच ही सॉफ्टवेअर वापरतात, त्यांचे परवाने महाग, ते इथं आल्यावर.

अजून एक गोष्ट मला उशिरा कळली. इथं अहवालावर सही करायला 'पी.जिओ.', म्हणजे व्यावसायिक भूवैज्ञानिकाची नोंदणी, लागतं. ब्रिटिश कोलंबियात ते देणारी संस्था तुझे विषय एकेक करून तपासते आणि वर चार वर्षांचा अनुभव मागते. जिओफिजिक्सच्या शाखेतून जायचं तर गणित आणि भौतिकशास्त्राचे विषय हवेत, आणि आपल्या जिऑलॉजीच्या डिग्रीत तेच तोकडे असतात. मास्टर्समध्ये विषय निवडताना ही भोकं बुजव. मी नंतर नोकरी करता करता बुजवली, संध्याकाळी, चाळीशीच्या उंबरठ्यावर.

पण तू आधी भारतातच एक-दोन वर्षं हवाई सर्वेत काढ, असं माझं मत आहे. हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) डेन्मार्कच्या तंत्राने भूजलासाठी हेलिकॉप्टर सर्वे केले, त्यात राजस्थान-बिहारपासून महाराष्ट्र-कर्नाटकापर्यंतचे प्रायोगिक भाग होते. २०२१ मध्ये जोधपूरहून कोरड्या प्रदेशांसाठी मोठी मोहीम सुरू झाली. त्या डेटावर काम करणारी माणसं लागतात. जीएसआयसाठी (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षाही आहे. तू जिऑलॉजिस्टच्या पदाला बसू शकतोस. तुझ्या आईला ही ओळ वाचून दाखव, तिला बरं वाटेल.

एजंट. कॅनडाच्या स्थलांतराचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर माणूस इथल्या नियामक संस्थेकडे नोंदलेला परवानाधारक किंवा वकील असावा लागतो. नाव विचार, नोंदणी क्रमांक विचार, संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून बघ. क्रमांक विचारल्यावर तो चहा मागवायला लागला, तर चहा पी आणि ये. व्हिसाचे आकडे आणि अटी मी मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षाला दोनदा बदलतात, आणि माझ्या वेळच्या अटी तुला चुकीच्या वाटेला लावतील. सरकारी पानच वाच.

पोर्तुगीज पासपोर्टचं प्रकरण आपल्याकडे घराघरात आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो रस्ता उघडा राहिला, आणि आपल्या वाड्यावरचे अर्धे लोक त्यावर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले. पण तो कॅनडात कामाचा हक्क देत नाही. देतो तो युरोपीय संघात, आणि ब्रिटन आता त्यात नाही. डेन्मार्कमध्ये, जिथं आरहूसच्या विद्यापीठातून हे भूजलाचं हवाई तंत्र वाढलं, तिथं जायचं असेल तर तो खरोखर कामाचा. मात्र तो घेतलास की भारतीय नागरिकत्व गेलं, आणि त्याबरोबर वर सांगितलेली जीएसआयची वाटही. 'काढून ठेवावा' अशी ती वस्तू नाही. आधी कुठं जायचं ते ठरव.

पैशाचं एक कडू सत्य. हे काम धातूंच्या भावावर नाचतं. मी २०११ ला निघाले, पुढच्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि आमच्या सांखळीत सगळे म्हणाले, पोरगी वेळेवर सुटली. इथं २०१३ नंतर शोधकामाचा पैसा आटला, आणि २०१४ मध्ये मला काढलं. आठ महिने मी एका किराणा दुकानात फळांच्या पेट्या लावल्या. खाणीवर जगणाऱ्या घरातून निघून मी पुन्हा खाणीवरच्याच धंद्यात आले होते, फक्त खनिज वाहणारी बार्ज नव्हती. तुझ्या वडिलांचे टिपर ज्या कारणाने उभे राहिले ते कारण वेगळं, पण उभे राहण्याची भीती तीच. म्हणून सल्फाइडसोबत पाणी, बोगदे, दरडी यांचेही सर्वे शीक. भाव पडले तरी पाणी लागतंच.

सुरक्षेचं एकच सांगते, बाकी कँपवर शिकवतात. उतारावर उभ्या हेलिकॉप्टरकडे वरच्या बाजूने कधी जायचं नाही. पाती त्या बाजूला जमिनीच्या अगदी जवळ फिरत असतात. खालून, पायलटच्या नजरेसमोरून. आणि हिमाची भीती धर. स्ट्युअर्टजवळच्या ग्रँडुक खाणीवर फेब्रुवारी १९६५ मध्ये हिमकडा कोसळून २६ माणसं गेली. आम्ही उन्हाळ्यात उडतो म्हणून डोंगर निवांत असतो असं नाही.

उन्हाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. तुला अजून लक्षात आलं नसेल म्हणून लिहिते: चवथ दरवर्षी याच हंगामात येते. चौदा वर्षांत मी माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची सजावट) तीनदा पाहिली, एरवी फोनवर. एकदा कँपमध्ये सिग्नल मिळाला तेव्हा घरी आरती चालली होती. दादाने फोन घुमटाजवळ धरला आणि मला फक्त फटफट आवाज आला, कारण फोनला खालचे सूर पेलत नाहीत. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी आले नसते, असं नाही. पण विचारलं असतं, की हिवाळ्यात ऑफिसात डेटा बघणारी जागा आहे का. ती असते. ऑपरेटर होऊ नकोस, प्रोसेसिंगमध्ये शीर.

पुढच्या वेळी सीव्ही नको. तुझ्या कुठल्याही एका कोरड्या बोअरची सोंडिंग घे, सिम्पेगमध्ये बसव, आणि चिकणमाती कुठं फसवते ते दाखव. मेच्या आत पाठवलंस तर मी नीट वाचून दोन माणसांकडे पुढे धाडीन. जूननंतर पाठवलंस तर ऑक्टोबरपर्यंत वाट बघ.