कच्चा लिंबू म्हणून खेळू दे तिला

"ताई, माझी मुलगी चिऊ नोव्हेंबरात चार वर्षांची होईल. जूनमध्ये ज्युनिअर केजीत जाणार. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर ती सासूबाईंपाशी असते. घरी बडबड थांबत नाही, पण बाहेर पडली की माझी ओढणी सोडत नाही. परवा जावेच्या मुलाचा वाढदिवस झाला. तो फेब्रुवारीतला, दोघं एकाच वर्गात असणार. सगळी मुलं खेळत होती आणि ही भिंतीला टेकून बघत राहिली. एकानं हातातला फुगा ओढला तर त्याला जोरात ढकललं. मी सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं, तिनं म्हटलं नाही, मी धपाटा दिला. घरी येऊन मीच रडले. लोक म्हणतात, एकुलती एक आहे, लाडावलीय, शाळेत कसं होणार हिचं? सोसायटीत शाळेच्या तयारीचा क्लास निघालाय, महिना साडेतीन हजार. घालू का? माझं कुठे चुकलं?"
– एक आई, ठाणे

चिऊच्या आई,

बालवाडीत आम्ही आयांना अशीच हाक मारायचो, म्हणून तुलाही तशीच मारते.

धपाट्याची गोष्ट तू लपवली नाहीस, तर तिथूनच सुरू करू. आज रात्री चिऊला कुशीत घे आणि सांग, "त्या दिवशी मी तुला मारलं. माझं चुकलं." एवढंच. पुढे "पण तूही ढकललंस ना" हे जोडू नकोस. माफी मागणं म्हणजे काय, हे मुलांना कुणीतरी त्यांची माफी मागितली की कळतं. दहा जणांच्या नजरा अंगावर असताना वदवून घेतलेल्या सॉरीतून त्यांना फक्त लाज कळते.

आता त्या भिंतीबद्दल. तुला वाटलं, ती खेळत नव्हती. मला वाटतं, ती कामात होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मिल्ड्रेड पार्टन यांनी लहान मुलांचं खेळणं बारकाईनं पाहिलं आणि १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. एकट्यानं खेळणं, नुसतं बघत उभं राहणं, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापलं खेळणं, मग खेळण्यांची देवघेव, आणि त्यानंतर ठरवून, मिळून खेळणं. बघत उभं राहणं त्यांनी त्यात धरलं आहे, वगळलेलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा दोन महिने उंबरठ्यावर बसून होता. गाणं नाही, टाळी नाही. त्याची आजी एक दिवस सांगत आली की हा घरी उशा मांडून वर्ग घेतो, प्रत्येक उशीला एकेका मुलाचं नाव, आणि सगळी गाणी हातवाऱ्यांसकट म्हणतो. तेव्हापासून कडेला उभ्या मुलाला हाताला धरून आत ओढणं मी सोडून दिलं.

आणि जावेच्या मुलाशी तुलना करण्याआधी बोटं मोज. आपल्याकडे वय ३१ डिसेंबरला धरतात, त्यामुळे जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं मूल एकाच बाकावर येतं. जूनमध्ये तुझी लेक तीन वर्षं सात महिन्यांची असेल, तो चार वर्षं चार महिन्यांचा. नऊ महिने. तिच्या सगळ्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा भाग. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललेलं असतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. त्याला ते उमगू लागलं असेल, तिला अजून उमगायचंय. "तुझा फुगा ओढला तर तुला कसं वाटेल?" हा प्रश्न आज तिच्यासाठी फार मोठा आहे.

मग करायचं काय? मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. तिला कच्चा लिंबू होऊ दे.

आठवतंय ना तुला? लपाछपी असो, डबा ऐसपैस असो, एखादं शेंबडं पोर मागे लागलं की मोठी मुलं म्हणायची, चल ये, तू कच्चा लिंबू. काही घरांत लिंबू-टिंबू म्हणतात. ते पोर सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, ओरडतं, पण आउट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. चुकायची पूर्ण मुभा असूनही ते खेळाच्या आत असतं. थांबायचं कसं, पाळी म्हणजे काय, आउट झालं तरी पुढचा डाव असतो, चिडलेली ताई दोन मिनिटांत हसते, हे सगळं त्याला कुणी न शिकवता अंगवळणी पडतं. वाड्यात, चाळीत हे आपोआप घडायचं, कारण तिथे तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुलं एकत्र असायची. हल्ली आपण लहान मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलांत सोडतो. वाढदिवसाला, क्लासला, शाळेत सगळेच साडेतीन-चारचे. सगळ्यांनाच फुगा हवा, आणि फुगा कसा मागायचा हे एकालाही येत नाही.

म्हणून सोसायटीत खाली खेळणारी दुसरी-तिसरीतली एखादी मुलगी शोध, लहानांत रमणारी. प्रत्येक आवारात अशी एक असतेच. तिला सांग, चिऊला कच्चा लिंबू म्हणून घेशील का? मग तू किंवा आजी बाकावर बसा, हाकेच्या अंतरावर. पहिले काही दिवस चिऊ तुमच्या मांडीवरून बघेल. बघू दे. "जा ना, जा ना" करू नका. उठून चार पावलं गेली आणि परत आली, तरी तो दिवस चांगला गेला. "मला घ्या ना खेळायला" हे वाक्य घरी बाहुल्यांशी खेळता खेळता तिच्या तोंडात बसव. पण भातुकली चालली असेल तर विचारण्यापेक्षा चार पानं घेऊन जाणं बरं, "मी भाजीवाली, पालक घ्या!" खेळात काहीतरी घेऊन आलेल्या मुलाला सहसा कुणी परत पाठवत नाही.

दुसरं, एखादं मूल घरी बोलव. एकच. बोर्डीला बालवाडीत मुलं येईनात तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आपल्या अंगणात मूल धीट असतं. चिऊची घरातली बडबड दुसऱ्या मुलानं ऐकावी, हाच यातला हेतू. तिची अगदी लाडकी एक-दोन खेळणी आधी तिच्या हातानं कपाटात ठेवून दे, ती वाटून घ्यायची नाहीत. बाकीची दोघांची. आणि खेळ असा दे की दोघांना हात लागेल, कणकेचा गोळा किंवा परातभर पाणी आणि वाट्या. भांडण होईल. कुणी कुणाला इजा करत नसेल तर मनात पंधरा आकडे मोज, मग उठ. कट्टी होऊन बट्टी व्हायला अनेकदा तेवढाच वेळ लागतो.

ढकलण्याबद्दल. तिच्याजवळ त्या क्षणी शब्द नव्हता, हात होता. तिला शब्द दे. "माझा आहे," "थांब," आणि आपला जुना "टाइम प्लीज". मूठ ओठांशी नेऊन टाइम प्लीज म्हटलं की खेळ थांबतो, हे मोठी मुलंही मानतात. हे घरात खेळून दाखव. तू उशी ओढ, तिनं टाइम प्लीज म्हणायचं, तू लगेच सोडायची. दहा वेळा करा, ती खिदळत करेल. पुन्हा कधी कुणाला ढकललंच, तर तिचा हात धर, खाली बस, "ढकलायचं नाही, त्याला लागलं," एवढं सांग आणि त्या मुलाला पाणी नेऊन द्यायला तिला बरोबर घे. सॉरी नंतर येईल.

सासूबाईंनाही यात घे, त्या दिवसभर तिच्याबरोबर असतात आणि खरी शिकवण त्यांच्याच हातून होणार आहे. कुणी चिऊला नाव विचारलं की आजी उत्तर देतात का? "लाजाळू आहे हो आमची" असं तिच्यासमोर कुणी म्हणतं का? हे दोन्ही थांबव, मुलं असे शब्द अंगाला लावून घेतात. शेजारी विरजण मागायला वाटी देऊन तिला पाठवा, आजी दारात उभ्या. "काकू, विरजण द्या." चार दिवस आवाज फुटणार नाही, पाचव्या दिवशी फुटेल. दुपारी चिंचोके किंवा सापशिडी खेळा, आणि तिला दर वेळी जिंकवू नका. जेवताना मात्र मोबाईल नको. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची मर्यादा २०१९ मध्ये सांगितली आहे, पण माझी काळजी वेगळी आहे. एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, ही देवघेव मूल ताटावर शिकतं.

क्लासचे पैसे वाचव. तिथेही समवयस्कच असणार, आणि शाळेआधी आणखी एक परकं दार. त्यापेक्षा शाळेत लागणारी चार कामं घरी पक्की कर. डबा स्वतः उघडणं, चपलेचा पट्टा लावणं, हात धुणं, आणि घराबाहेरच्या मोठ्या माणसाला "शू आली" सांगता येणं. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. शाळेत रडणाऱ्या कितीतरी मुलांचं खरं दुखणं तेवढंच असतं.

तू लिहिलंस त्यावरून मला चिंतेचं काही दिसत नाही. घरीही हाक मारल्यावर ती बघत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल, खोटं खोटं खेळत नसेल किंवा येणारे शब्द गेले असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखव, कान तपासून घे. अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे मोफत पाहतात.

आणि तुझी नोकरी, तिचं एकुलतं असणं, यात तुझं काही चुकलेलं नाही. बडबड करायला घरात तिला माणसं आहेत, हे तूच लिहिलं आहेस.

जूनमध्ये पहिल्या दिवशी ती रडेल. तिची नजर चुकवून निघू नकोस, मग पुढचे कित्येक दिवस ती दाराकडेच बघत बसते. सांगून जा, आणि घड्याळ सांगू नकोस, तिला कळेल असं सांग, "डबा होईल, गोष्ट होईल, मग मी येईन." पापा घे आणि वळ. सुटायच्या वेळी मात्र पाच मिनिटं आधीच पोच, दार उघडल्यावर तिला पहिली तू दिसायला हवीस.

तुझी,
ताई