एपी इंग्लिशला ४ आले, तर कॉलेजचं फर्स्ट इयर इंग्लिश सुटतं का?

तुमची मुलगी न्यू जर्सीत ज्युनिअर इयरला (अकरावीत), एपी लँग्वेजला (एपी म्हणजे हायस्कूलमध्ये देतात ती कॉलेज लेव्हलची परीक्षा, स्कोअर १ ते ५) ४, सॅटच्या (अ‍ॅडमिशनची परीक्षा) इंग्लिशला ८०० पैकी ७२०, आणि तुम्हाला एका कोर्सची फी वाचेल का हे बघायचंय. सॅटचं आधी सांगते, ते ७२० अ‍ॅडमिशनला चांगले आहेत पण त्यावर क्रेडिट (डिग्रीसाठी मोजले जाणारे युनिट) देणारी कॉलेजं कमीच, बऱ्याच ठिकाणी फार तर खालच्या लेव्हलचा रायटिंगचा कोर्स टळतो. क्रेडिटसाठी भरवसा एपीवरच ठेवा.

आता खरी गोम. क्रेडिट मिळणं आणि कोर्स सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपले लोक इथेच गंडतात. ४ ला बरीच स्टेट कॉलेजं क्रेडिट देतात, इलिनॉयमध्ये तर कायदाच आहे की पब्लिक युनिव्हर्सिटीने ३ ला सुद्धा द्यायचं. पण ते कुठल्या कोर्सच्या नावावर चढतं ते बघा. माझ्या मोठ्या मुलाने एपीचे लँग्वेज आणि लिटरेचर दोन्ही दिलेले, लँग्वेजचं थेट फर्स्ट इयर कॉम्पोझिशनवर (पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स) चढलं, आणि लिटरेचरचं आलं 'इंग्लिश १ एक्स एक्स' असल्या काहीतरी कोडवर, म्हणजे नुसतं इलेक्टिव्ह (ऐच्छिक). टोटलमध्ये ३ क्रेडिट दिसतात छान, पण त्याच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीत त्या ३ क्रेडिटना जागाच नव्हती, मग कसली फी वाचणार! यूसीचंही (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) असंच, एपीला ३ किंवा वर आले की एन्ट्री लेव्हल रायटिंगची अट पूर्ण होते, पण त्यापुढची कॉम्पोझिशनची अट प्रत्येक कॅम्पसची वेगळी, आणि दोन्ही इंग्लिश एपी मिळून ८ क्वार्टर युनिटच (तिथलं क्रेडिटचं माप) मिळतात, दोन परीक्षा म्हणून डबल नाही. स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन वगैरे डोक्यात असेल तर विषयच सोडा, तिथे रायटिंगचा कोर्स सगळ्यांनाच करावा लागतो.

म्हणून कॉलेजच्या साईटवर एपी क्रेडिटचा तक्ता असतो तो उघडा, तिचा स्कोअर शोधा, समोरचा कोर्स नंबर तिच्या मेजरच्या कोर्स लिस्टमध्ये आहे का ते जुळवा. दहा मिनिटांचं काम. अ‍ॅप्लिकेशनमध्ये स्वतः भरलेला स्कोअर क्रेडिटला चालत नाही बरं का, कॉलेज बोर्डाकडून (एपी घेणारी संस्था) ऑफिशियल जावा लागतो, तो विसरू नका.

क्लेपबद्दल (परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवायचा आणखी एक मार्ग) कुणीतरी सांगेलच तुम्हाला. ती २० ते ८० मार्कांची परीक्षा, ५० ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस आहे, आणि वर्षभर देता येते. कम्युनिटी कॉलेजला जायचं असेल तर उत्तम. फक्त कॉलेज कॉम्पोझिशन आणि कॉलेज कॉम्पोझिशन मॉड्युलर या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि मॉड्युलर सगळीकडे घेत नाहीत. तुमच्याकडे ४ आहेतच तर कशाला डोक्याला ताप.

आणि मुलगी प्री-मेड (पुढे मेडिकलला जायची तयारी) म्हणत असेल तर थांबा. काही मेडिकल स्कूलं इंग्लिशसाठी एपी धरत नाहीत, कॉलेजात वर्गात बसून केलेला कोर्स मागतात. तसं असेल तर ४ चं क्रेडिट घेऊन वरच्या लेव्हलचा एखादा रायटिंगचा कोर्स करू दे. लिहायला तिला जमतं हो, सहा सोर्स समोर टाकून त्यातले निदान तीन वापरून निबंध लिहायचा असतो एपी लँग्वेजच्या पेपरात, त्यात ४ काढणं काही खायचं काम नाही.

मेजर आणि दोन-तीन कॉलेजची नावं कॉमेंटमध्ये टाका, तक्ता बघून सांगते.