गुऱ्हाळाच्या काहिलीतला थर्मोकपल सकाळी बरोबर आणि दुपारी वीस-बावीस अंश कमी का दाखवतो?

थर्मोकपल, म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारांचा तुमचा तापमानाचा सेन्सर, बदलू नका, तो चांगला आहे. तुम्ही लिहिलंय की त्याची तार आखूड पडली म्हणून शेडमधल्या साध्या टू-कोअर वायरीने ती आठ मीटर वाढवली आणि डब्यातल्या मॅक्स ६६७५ ला, म्हणजे थर्मोकपल वाचणाऱ्या चिपला, जोडली. घोळ त्या जोडात आहे.

थर्मोकपल मुळात तापमान मोजत नाही, आपल्या दोन टोकांमधला फरक मोजतो. तुमच्या के टाईप या प्रकाराला दर अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. एक टोक रसात बुडालेलं. दुसरं टोक म्हणजे जिथे त्याची स्वतःच्या धातूची तार संपते ती जागा. चिप आपल्या अंगाचं तापमान त्यात मिळवून आकडा देते, कारण तार आपल्यापर्यंत आलीय असं ती धरून चालते. तुमच्याकडे ती चुलवाणाशेजारीच संपली आणि पुढे तांबं सुरू झालं. सकाळी चुलवाण पेटायच्या आधी जोड आणि डबा सारखेच गार असतात, म्हणून आकडा जुळतो. दुपारी समजा जोडापाशी ५५ अंश आहेत आणि डब्यात ३३. मधले २२ हिशेबात येतच नाहीत. रस ११८ ला पोचला तरी तुम्हाला ९६ दिसणार.

हे मी अनुभवाने सांगते. कुपवाडच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर हाच दोष शोधताना माझे दोन दिवस गेले, दोन थर्मोकपल बदलून झाले. शेवटी थर्मोकपलच्या हेडचं, म्हणजे तारा जोडायच्या डबीचं, झाकण उघडलं, तर ते हाताला चटका बसेल इतकं तापलेलं आणि आत तांब्याच्या लाल तारा.

के टाईपचीच एक्स्टेन्शन केबल, केएक्स लिहिलेली, थेट डब्यापर्यंत न्या. रंग नीट बघा: आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या केबलमध्ये हिरवी प्लस, पांढरी मायनस, अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. लाल म्हणजे प्लस या आपल्या सवयीने इथे हमखास उलटं जोडलं जातं. शंका आली तर चुंबक लावा, मायनस तारेला ओढ जाणवते. डबाही चुलवाणाच्या धगीपासून लांब हलवा.

घाण्याची मोटर सुरू झाली की आकडा नाचत असेल, तर त्याचं कारण वेगळं. केबल मोटरच्या वायरीसोबत बांधलेली असेल तर सोडवा. टोक आतून नळीला जोडलेला थर्मोकपल असेल तर काहिलीच्या पत्र्यातून गडबड आत येते, अनग्राउंडेड, म्हणजे टोक नळीला न जोडलेला, घ्या. आणि टोक बुडाला टेकवू नका, नाहीतर रसाऐवजी तापलेला पत्रा मोजाल.

मग तपासणी. बर्फाच्या पाण्याची परीक्षा या चिपला पुरेशी नाही: ती शून्याखाली दाखवतच नाही, त्यामुळे पाच अंश कमी वाचत असली तरी शून्यच दिसेल. उकळतं पाणी घ्या. पण सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. शंभर दिसत नाही म्हणून प्रोग्राममध्ये दोन अंश वाढवलेत तर चांगलं यंत्र तुम्हीच बिघडवाल.

काकवी १०५-१०६ ला उतरते, ढेपेचा गूळ ११८ च्या आसपास. पाण्यात पाक टाकून गोळी बघणाऱ्या गुळव्याच्या बोटांना त्यातला बारीक फरक कळतो. मॅक्स ६६७५ पाव-पाव अंश दाखवते, पण तिच्या शीत जोडाच्या दुरुस्तीतच, म्हणजे स्वतःचं तापमान मिळवण्यातच, तीन अंश इकडेतिकडे होऊ शकतात, वर थर्मोकपलचे स्वतःचे दीड ते अडीच. म्हणून नवीन खरेदी करणारच असाल तर क्लास ए अचूकतेचा, तीन किंवा चार तारांचा पीटी-१०० (प्लॅटिनमच्या विद्युतरोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) घ्या. १२० अंशांना त्या सेन्सरची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते, आणि त्याला साधी तांब्याची वायर चालते.